शाळा, सल्लागार आणि कन्सेंट अजेंडातला मुद्दा ९-ड

गोधडी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते. आज चिडून लिहितेय, तेव्हा सांभाळून घ्या.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात राहतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, अर्धं गाव इथे वाचायला येतं. लेक चौथीत, शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर. फेब्रुवारीत एक दिवस शाळा सुटायच्या वेळी पार्किंगमध्ये दोन माणसं क्लिपबोर्ड घेऊन गाड्या मोजताना दिसली. शेजारच्या बाईंना वाटलं, शाळा विकायला काढली! चौकशी केल्यावर कळलं की हद्दी बदलायच्या म्हणून, म्हणजे कुठल्या गल्लीतलं मूल कुठल्या शाळेत जाणार हे नव्याने ठरवायचं म्हणून, डिस्ट्रिक्टने, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, बाहेरची सल्लागार कंपनी नेमली आहे. कधी? तर सप्टेंबरात. पाच महिने आम्हा पालकांना पत्ता नाही.

मग रात्री जागून डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या बैठकांचे जुने अजेंडे उकरले. सापडलं. कन्सेंट अजेंडा (चर्चेविना एकगठ्ठा मंजूर करायच्या मुद्द्यांची यादी), मुद्दा ९-ड : "व्यावसायिक सेवांचा करार, मंजुरी." त्याच्या वर जिमच्या फरशीचं पॉलिश, खाली बसच्या टायरांची खरेदी. बैठकीचा व्हिडिओ लावला आणि घड्याळ घेऊन बसले. अकरा मुद्दे, अडतीस सेकंद. "कुणाला काही? नाही. मंजूर."

फोयाखाली, म्हणजे इथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली, अर्ज केला. करार मिळाला, एकूण ९६ हजार डॉलर्सचा. बिलं मिळाली. एका बिलावर अख्ख्या पानात एकच ओळ : "व्यावसायिक सेवा, टप्पा २, २४,८०० डॉलर्स." कोण आलं, काय केलं, काय दिलं, काही नाही. आमच्याकडे गवत कापणारा मुलगासुद्धा कडेची झुडपं वेगळी लिहितो हो. अहवालाचा मसुदा मागितला तर उत्तर आलं की मसुदे कायद्याने उघड करावे लागत नाहीत.

मला चोरी झाली असं म्हणायचं नाही. सल्लागार नकोत असंही नाही. पण प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरचा सगळ्यात मोठा आकडा शाळांचा असतो आणि आपल्याला गाड्या मोजणाऱ्या माणसाकडून बातमी कळावी? कुणी यातून गेलंय का? पुढे काय करता येतं?

भोचक
पॉलिश आणि टायरच्या मध्ये तुमची मुलगी. जागा छान निवडली आहे.

लेकशोर
गोधडी, तुम्ही "चोरी झाली असं म्हणायचं नाही" हे लिहिलंत ते बरं केलंत. तरी आमच्या शहरातलं प्रकरण सांगतो, कारण तिथेही सुरुवात अशाच एका निमूट मंजुरीने झाली होती. तेव्हा मुलं इथल्याच सरकारी शाळांत होती, त्यामुळे अजून डोक्यातून जात नाही.

२०१३ चा मे महिना. शिकागोच्या शाळांच्या बोर्डाने एका फटक्यात सुमारे पन्नास शाळा बंद करायचा ठराव केला. तूट अब्ज डॉलर्सच्या घरात आहे असं सांगत होते. आयांनी रस्ते अडवले, सभागृहाबाहेर रडारड. आणि त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, २६ जूनला, त्याच बोर्डाने मुख्याध्यापकांना प्रशिक्षण द्यायला सुपेस अकॅडमी नावाच्या खासगी कंपनीला २ कोटी ५ लाख डॉलर्सचं काम दिलं. निविदा नाही, स्पर्धा नाही. ठराव एकमताने. तेव्हाचं बोर्ड निवडून आलेलं नव्हतं, मेयर नेमायचे. (निवडणूक पहिल्यांदा झाली ती २०२४ मध्ये, तीही निम्म्याच जागांची.)

शाळांच्या प्रमुख होत्या बार्बरा बर्ड-बेनेट. इथे यायच्या आधी त्या याच कंपनीच्या सल्लागार होत्या. ही गोष्ट काही तळघरात पुरलेली नव्हती, विचारलं असतं तर कळली असती. विचारलं ते कॅटलिस्ट शिकागो नावाच्या छोट्या शिक्षणविषयक मासिकाच्या सेरा कार्प यांनी, जुलैत. मोठी वर्तमानपत्रं त्या वेळी शाळाबंदीत अडकलेली. मुख्याध्यापक आधीपासून कुरकुरत होतेच की प्रशिक्षणात काही दम नाही, दिवसभर शाळा सोडून बसावं लागतं. मग शाळांच्या कारभाराची चौकशी करणारे इन्स्पेक्टर जनरल, मग एफबीआय. २०१५ च्या ऑक्टोबरात आरोपपत्र आलं आणि त्यात बाईंची ती ईमेल : फी भरायचीय, कसिनोंना भेटी द्यायच्यात, आणि शेवटी हसरा चेहरा. कामाच्या रकमेच्या दहा टक्के त्यांना मिळायचे ठरले होते, ते नोकरी सोडून कंपनीत परत गेल्यावर "रुजू होण्याचा बोनस" म्हणून. २०१७ मध्ये त्यांना साडेचार वर्षं, कंपनीच्या गॅरी सॉलोमनला सात वर्षं.

लोकांना कसिनो लक्षात राहिला. मला राहिली ती एकमताची नोंद. त्या टेबलाभोवतीच्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की ही कंपनी कुणाची, प्रमुखांचा तिच्याशी संबंध काय, दुसऱ्या कुणाला का बोलावलं नाही. तीन प्रश्न होते, पाच मिनिटांचे.

भोचक
त्याच कंपनीचा दुसरा अंक बाल्टिमोर काउंटीत. तिथले सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळांचे प्रमुख, डॅलस डान्स. कंपनीला काउंटीकडून काम मिळालं आणि साहेब कंपनीच्या संबंधितांकडून बाजूने मानधन घेत होते. दरवर्षी उत्पन्न जाहीर करायच्या फॉर्मवर ते लिहिलंच नाही. २०१८ मध्ये खोट्या शपथेबद्दल सहा महिने तुरुंग. लाच घेतल्याबद्दल नव्हे हं. फॉर्म कोरा ठेवल्याबद्दल.

उकडीचा
हे सगळं खरं. पण धागा आता "सल्लागार म्हणजे भामटे" या वळणावर निघालाय, म्हणून उलट बाजू मांडतो. मी वीस वर्षं सल्लागारीत आहे (शाळांच्या नाही, दवाखान्यांच्या), तेव्हा दगड मारायचे तर मारा.

चार-पाच हजार मुलांच्या डिस्ट्रिक्टला हद्दी आखायची वेळ पंधरा-वीस वर्षांतून एकदा येते. त्यासाठी पगारी लोकसंख्यातज्ज्ञ ठेवायचा का? सुपरिंटेंडंट शोधायचा, जुनी इमारत तपासून घ्यायची, स्पेशल एज्युकेशनचं ऑडिट करायचं, ही कामं घरच्या माणसांकडून होत नाहीत, आणि झाली तरी कुणी विश्वास ठेवत नाही. घरचा माणूस म्हणेल "अमुक शाळेत वर्ग रिकामे आहेत", तर लगेच ऐकू येतं की त्याची बायको तमुक शाळेत शिकवते. कडू बोलायला परका लागतो.

आणि गोधडीताई, बिलावर तास नाहीत म्हणून चिडू नका. करार ठरावीक रकमेचा असेल तर बिलावर तास येणारच नाहीत, तो दोष नाही. तास मागण्यापेक्षा करारातलं कामाचं परिशिष्ट उघडा. टप्पा दोनमध्ये काय हातात द्यायचं होतं ते तिथे लिहिलेलं असतं. ते मिळालं का, हा प्रश्न. ते परिशिष्टच नसेल, किंवा त्यात "आवश्यकतेनुसार सहाय्य" असलं गुळमुळीत काही असेल, तर मात्र चिडा. मीही येतो चिडायला.

गोधडी
उकडीचा, दगड नाही, उलट आभार. परिशिष्ट आहे. टप्पा दोन : "नावनोंदणीचा दहा वर्षांचा अंदाज, किमान चार पर्याय, पालकांच्या दोन सभा." पालकांच्या सभा झालेल्या नाहीत. बिल मात्र चुकतं झालंय. आणि पर्याय किती मांडले, तर मागच्या बैठकीत सुपरिंटेंडंटनी पडद्यावर दोनच दाखवले.

२४,८०० हा आकडा पाहून माझ्या नवऱ्याने भुवया उंचावल्या. २५ हजारांचा काही नियम आहे म्हणे?

काठावरचा
नियम आहे, पण भुवया खाली घ्यायला सांगा. इलिनॉयमध्ये २५ हजार डॉलर्सच्या वरच्या *करारांची* यादी डिस्ट्रिक्टला वेबसाइटवर टाकावी लागते. बिलांची नाही. तुमचा करार ९६ हजारांचा, म्हणजे तो यादीत असायलाच हवा. बघा आहे का.

मी याच राज्यात एका लहान डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर चार वर्षं होतो. बिनपगारी, सात जण, सगळे दिवसभर नोकऱ्या करून संध्याकाळी येणारे. आतून कसं दिसतं ते सांगतो. गुरुवारी रात्री बैठकीच्या कागदांचं पॅकेट येतं, तीनशे पानांचं. बैठक सोमवारी. शनिवारी मुलाचं सॉकर, रविवारी कुणाकडे तरी मुंज नाहीतर बारसं. माणूस काय वाचतो? ज्यावरून लोक ओरडणार आहेत ते. कन्सेंट अजेंडा म्हणजे "हे वाचायची गरज नाही" असं शिक्का मारून आलेलं पान. त्यात काय घालायचं हे बहुतेक वेळा सुपरिंटेंडंटचं ऑफिसच ठरवतं आणि बोर्डाचे अध्यक्ष मान डोलावतात. यात कट असतोच असं नाही. सवय असते. मीसुद्धा असल्या किती ९-डना हात वर केला असेल, आता आठवून लाज वाटते. एकदा तर घरी येऊन बायकोने विचारलं "आज काय झालं?" तर मला सांगता येईना.

आता कामाचं.

पहिलं म्हणजे कन्सेंट अजेंडातला कुठलाही मुद्दा बाहेर काढून स्वतंत्र चर्चेला घ्यायला बहुतेक बोर्डांत एका सदस्याची विनंती पुरते. सातांचं मन वळवायला जाऊ नका. एक गाठा. अजेंडा बैठकीच्या किमान ४८ तास आधी लावणं इथे सक्तीचं आहे, तेवढ्या वेळात एक मेल आणि एक फोन सहज होतो. माझ्या चार वर्षांत असा फोन मला एकाही पालकाने केला नाही. शिव्या द्यायला मात्र दुकानात गाठायचे.

निविदेचं म्हणाल तर, जिथे व्यक्तीचं कौशल्य महत्त्वाचं अशा व्यावसायिक सेवांना इथल्या कायद्यात सक्तीच्या निविदेतून सूट आहे. म्हणजे टायर घ्यायला स्पर्धा लागते, सल्ला घ्यायला लागत नाही. बेकायदा नाही. पण बोर्डाला स्वतःचं धोरण करून तीन प्रस्ताव मागवायला कुणी अडवलेलं नाही, आणि हा मुद्दा बैठकीत लोकांना बोलायला मिळणाऱ्या तीन मिनिटांत उत्तम बसतो.

आणि मसुद्याबद्दल, हे नीट वाचा. फोयात मसुद्यांना सूट आहे हे खरं. पण त्याच वाक्याच्या शेपटीला एक अपवाद आहे : संस्थेच्या प्रमुखाने त्या कागदाचा जाहीरपणे उल्लेख करून तो कोणता हे सांगितलं असेल, तर तेवढ्या भागापुरती सूट जाते. तुम्हीच लिहिलंय की सुपरिंटेंडंटनी पडद्यावर दोन पर्याय दाखवले. व्हिडिओ परत बघा. काय दाखवतोय ते बोलले का? "सल्लागारांच्या मसुदा अहवालातून" असं काही? बोलले असतील तर मिनिट-सेकंद लिहून पुन्हा अर्ज करा. नाही म्हणाले तर ६० दिवसांच्या आत ॲटर्नी जनरलच्या पब्लिक ॲक्सेस काउन्सेलरकडे (माहिती नाकारल्याच्या तक्रारी बघणारा अधिकारी) पुनर्विचाराचा अर्ज. वकील लागत नाही. आणि "तो कागद आमच्याकडे नाही, सल्लागाराकडे आहे" असं उत्तर आलं तर तेही चालत नाही. सरकारी काम करारावर करणाऱ्याकडचे त्या कामाचे कागद संस्थेचेच धरले जातात.

लेकशोर
काठावरचा, हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावण्यासारखा आहे.

अटलांटिक कावळा
न्यू जर्सीहून एक काव काव. आमच्याकडे माहितीच्या कायद्याला ओप्रा म्हणतात. २०१० मध्ये झुकरबर्गने न्यूअर्कच्या शाळांना १० कोटी डॉलर्स दिले ते जाहीर कुठे झाले? ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात. म्हणजे पैसे एका ओप्रात आले आणि हिशेब मागायला दुसरी ओप्रा लागली. पालकांच्या गटाच्या वतीने एसीएलयू ही नागरी हक्कांची संस्था कोर्टात गेली, तेव्हा कुठे मेयरांच्या ऑफिसच्या ईमेल सुटल्या. कधी? २०१२ च्या २४ डिसेंबरला. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी कोण वाचतंय! ती देणगी आणि तिच्या जोडीच्या देणग्या मिळून दोन कोटींहून जास्त डॉलर्स सल्लागारांकडे गेले, दिवसाला हजार डॉलर्सच्या भावाने. पैसा देणगीचा, खर्च करणारं फाउंडेशन खासगी, त्यामुळे बोर्डाच्या अजेंड्यावर तो धड येतच नव्हता. तुमचा निदान ९-ड तरी होता.

झेडपी मास्तर
तिकडची चर्चा वाचून दोन शब्द लिहावेसे वाटले. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, दोनशिक्षकी शाळा, गाव मोठं नाही.

आमच्याकडे सल्लागार फुकट येतात. संस्था येते, वर जिल्ह्याला किंवा राज्याला सामंजस्य करार होतो, पैसे कुठल्या तरी कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून. शासनाचा एक रुपया जात नाही म्हटल्यावर विचारणार कोण? प्रशिक्षण तालुक्याच्या गावी. साडेदहाला सही, अकराला बॅनर नीट लावेपर्यंत चहा, मग फोटो. बॅनरवर आमच्यापेक्षा लोगो जास्त. त्या दिवशी माझ्या शाळेत चार वर्गांना मिळून एक मास्तर. हा खर्च कुठल्याच हिशेबात धरत नाहीत. सगळ्या संस्था अशा नाहीत हेही सांगतो. गणिताच्या साहित्याचं एक प्रशिक्षण मला आयुष्यभर पुरलं.

पण एका उपक्रमात मुलांच्या चाचण्यांचे गुण नावानिशी ॲपमध्ये भरायला सांगितले. मी विचारलं, हे जातं कुठे? उत्तर आलं, "वरून आदेश आहे." मग दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकार टाकला. आपल्या महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा नियम आहे, त्यामुळे पत्नीने बसून शब्द मोजले. तीस दिवस संपल्यावर "माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही". पहिलं अपील केलं. तेव्हा कराराची झेरॉक्स मिळाली, आणि त्यात गुण वापरण्याबद्दल एक ओळ नव्हती. खरं तर कलम ४ प्रमाणे असले कागद कुणी न मागता कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचे असतात.

मग तो कराराचा कागद मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवला. समितीत पाऊणहिस्सा पालक असतात. एक आई उसाच्या तोडीवरून आली होती, तिने एवढंच विचारलं, "गुर्जी, माझ्या पोरीचं नाव त्यात कशाला लागतंय? नंबर टाका की." ठराव केला. पुढच्या फेरीपासून आम्ही हजेरी क्रमांक टाकतो. वरून अजून तरी कुणी ओरडलेलं नाही.

उकडीचा
मास्तर, तुमच्या त्या समितीतल्या बाईंना आमच्या क्लायंट मीटिंगला बसवायला हवं. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०२४ मध्ये "एड" नावाचा चॅटबॉट वाजतगाजत आणला, करार ६० लाख डॉलर्सपर्यंतचा. मार्चमध्ये उद्घाटन, जूनमध्ये कंपनीने बहुतेक माणसं घरी पाठवली, नोव्हेंबरात संस्थापिकेवर गुंतवणूकदारांना फसवल्याचा आरोप. तेव्हा कुठे सगळे विचारायला लागले की मुलांची माहिती कुठे आहे. तोडीवरून आलेल्या आईने आधीच विचारलं असतं.

भोचक
सहमत. आणि फुकटही विचारलं असतं.

गोधडी
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलेय. बरंच घडलं.

व्हिडिओ पुन्हा पाहिला. १ तास १२ मिनिटांवर सुपरिंटेंडंट स्वतः म्हणतात, "हा तक्ता आपल्या सल्लागारांच्या जानेवारीच्या मसुद्यातल्या पान ३१ वरचा." पान नंबरासकट! काठावरचा, तुमच्या तोंडात साखर पडो. अर्जात तेवढंच लिहिलं. आधी पाच दिवसांची मुदतवाढ मागितली, मग पान २८ ते ३६ आले. त्यांना ३१ च द्यायचं बंधन होतं असं मला वाटतं, पण ऑफिसातल्या कुणाला तरी भांडण नको असावं.

पर्याय चार आहेत. पडद्यावर न आलेल्या दोघांत आमची गल्ली आहे तिथेच राहते, पण बसचा एक मार्ग वाढतो. बाकीच्या दोघांत बस वाचते. म्हणजे लपवण्यासारखं काही नव्हतंच! "बसचा खर्च वाढतो म्हणून हे दोन मागे ठेवले" असं उभं राहून सांगितलं असतं तर मी कदाचित मान डोलावली असती. आता गल्लीत कुणी मान डोलावणार नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर आमची शाळा बिल्डरला विकली जाऊन तिथे आता थेट कॉस्टकोचं भलंमोठं दुकान येतंय.

दुसरं, नावनोंदणीचा अंदाज. त्यात रेल्वे स्टेशनमागच्या नव्या टाउनहाउसेसचा उल्लेखच नाही. त्यातली निम्मी घरं आपल्याच लोकांनी घेतलीत, मी चार वास्तुशांतींना जेवून आलेय. हे मी बैठकीत माझ्या तीन मिनिटांत सांगितलं (वास्तुशांत वगळून). सल्लागारांचा तरुण मुलगा मागे बसला होता, त्याने वहीत लिहून घेतलं आणि नंतर येऊन पत्ता विचारला. भला वाटला. त्याला गावाची आकडेवारी ऑफिसनेच जुनी दिली होती.

एका सदस्य बाईंना आधी फोन केला होता. त्यांनी पुढच्या टप्प्याचा मुद्दा कन्सेंट अजेंडातून बाहेर काढला. पंचवीस मिनिटं चर्चा झाली. तो टप्पा ५ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला, पण दोन अटी पडल्या : राहिलेल्या पालक-सभा झाल्याशिवाय पुढचं बिल नाही, आणि मसुदा मतदानाआधी दोन आठवडे वेबसाइटवर.

हो, आणि या वेळच्या कागदांत "लोकसहभाग" नावाचं तासावर चालणारं जोडकाम निघालं. त्यात नऊ तास "पालकांच्या ईमेलची वर्गवारी". मी माझी ईमेल कुठे गेली ते शोधलं. "इतर".

भोचक
म्हणजे तुमच्याच पैशांनी तुम्हाला "इतर"मध्ये टाकलं.

काठावरचा
५-२ म्हणजे उत्तम. माझ्या काळात ७-० असायचं. त्या २५ हजारांच्या यादीत करार होता का, ते राहिलं सांगायचं.

गोधडी
नव्हता. विचारल्यावर दुसऱ्या दिवशी आला, "अनवधानाने राहिला" म्हणून. सोबत आणखी चार राहिलेले आले, त्यातला एक सुपरिंटेंडंट-शोधाचा. तो आता वाचायला घेतेय.

पालक-सभा पुढच्या गुरुवारी सात वाजता, मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात. इथल्या कुणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पार्किंग मागच्या बाजूला.